दिवा कुणी मालवायचा?

रिकाम्या खोलीत दिवा जळत राहिला तर ओरडणारे एक माणूस आपल्या प्रत्येक घरात असते. कुठे आजोबा, कुठे अज्जी, कुठे आईच. “कुणी नाही तिथे लाइट कशाला?” असे मराठीत, नाहीतर “यारू इल्ला, लाइट याक हच्चीरी?” असे कन्नडमध्ये. भाषा बदलते, सूर तोच. आणि त्या ओरडण्याचा उपयोगही होतो. घराचे बिल आटोक्यात राहते ते पुष्कळदा या एका माणसामुळे.

आता दुकान, बँक, दवाखाना, कॉलेज, लॉज, मंगल कार्यालय किंवा शॉपिंग कॉम्प्लेक्स डोळ्यांपुढे आणा. तिथे हे माणूस कोण? मालकाला गल्ल्यावरून उठता येत नाही. नोकराला वाटते, बिल आपण थोडेच भरतो. ग्राहकाचा तर संबंधच नाही. जिन्यातला दिवा दुपारी बारा वाजताही जळत असतो आणि त्याच्याखालून दिवसभरात शंभर माणसे जातात. बटण दाबायचे कुणाच्या मनात येत नाही, कारण ते काम कुणाचेच नाही.

व्यापारी इमारतींतल्या ‘स्मार्ट’ दिव्यांबद्दल आजकाल खूप ऐकू येते. हा शब्द ऐकला की काचेचे मनोरे आणि मोबाईलवरून रंग बदलणारे बल्ब डोळ्यांपुढे येतात. खरे तर ही सारी यंत्रणा एका साध्या प्रश्नाचे उत्तर आहे. जिथे आजी नाही, तिथे दिवा कुणी मालवायचा?

उदाहरणासाठी मी मुद्दाम बंगळूर-मुंबईची उंच इमारत न घेता एक जुनी पेठ घेतो, मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरचा इतवारा. आपल्यापासून लांब असले तरी हे गाव आपल्याला परके वाटणार नाही. तापीकाठचे हे शहर महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहे. १५ ऑगस्ट २००३ रोजी ते खंडव्यापासून वेगळे होऊन जिल्ह्याचे ठिकाण झाले. आपल्याकडे मराठी-कन्नड, तसे तिथे हिंदी, उर्दू आणि मराठी. तिथल्या फारुकी काळातल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. इचलकरंजीसारखी यंत्रमागांची खडखड तिथेही आहे. आणि वारांच्या नावाच्या वस्त्या, इतवारा, शनवारा. बेळगावची रविवार पेठ आणि शनिवार खूट ज्यांना पाठ आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. इतवार म्हणजे आदित्यवार, आपल्या खेड्यांतला आयतवार.

अशा कुठल्याही जुन्या पेठेतले दुकान कसे असते? दर्शनी रुंदी दहा-बारा फूट आणि खोली मात्र चाळीस-पन्नास फूट. पुढे रस्त्याचा लख्ख उजेड, मध्ये गल्ला आणि मालाची मांडणी, मागे गोदाम, वर पोटमाळा. म्हणजे एकाच दुकानात उजेडाची तीन गावे. दर्शनी भागाला दिवसा दिव्याची गरज जवळजवळ नसते. मधल्या भागाला ती दिवसभर असते, कारण कापडाचा रंग पारखायचा असतो. गोदामाला दिवा लागतो तो पोरगा ठाण आणायला आत जातो तेवढ्यापुरता. पण वायरिंग करताना वायरमनने काय केले? तिन्ही गावे एका बटणावर टाकली. सकाळी शटर उघडले की सगळे लागते, रात्री शटर पडले की सगळे विझते. विजेची नासाडी इथे सुरू होते. ती बल्बात नसते, बटणात असते.

पूर्वीच्या लोकांना हे कळत होते. मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, १८६९ मध्ये बांधून झाली. तिच्या छपरातून सूर्यप्रकाश खाली यावा अशी सोय मूळ बांधणीतच होती. पुढे १८८२ मध्ये तिथे विजेचे दिवे आले. विजेने उजळलेली भारतातली ती पहिली इमारत मानली जाते. आपल्या कन्नड बाजूला कावेरीवरचे शिवनसमुद्र वीजकेंद्र १९०२ मध्ये सुरू झाले ते कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी, आणि त्याच विजेवर ५ ऑगस्ट १९०५ रोजी बंगळूरच्या सिटी मार्केट भागात रस्त्यावरचे दिवे लागले. दोन्ही ठिकाणी पहिला मान बाजाराला मिळाला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पण तेव्हा वीज ही दिवस मावळल्यावर वापरायची गोष्ट होती. दिवसा उजेड छपरातून, खिडकीतून, चौकातून यायचा. नंतर ट्यूबलाइट आली, फॉल्स सीलिंग आले, एसीसाठी खिडक्या बंद झाल्या, आणि भर दुपारी दिवे लावून बसायची आपल्याला सवय झाली.

मग एलईडी आले. देशभरातली ‘उजाला’ योजना ५ जानेवारी २०१५ ला सुरू झाली. त्या खरेदीत २०१४ साली ३१० रुपयांना पडणारा एलईडी बल्ब २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. जुनी ट्यूब चोकसह पन्नासएक वॅट खायची, तेवढाच उजेड आता अठरा-वीस वॅटमध्ये मिळतो. हा मोठाच फायदा आहे. पण दिवा स्वस्त झाला की हात सैल होतो. जिथे चार ट्यूब होत्या तिथे छताच्या कडेने पट्ट्या आल्या, शोकेसमध्ये चकाकणारे ठिपके आले, पाटीला रात्रभर झगमगाट आला. एका दिव्याची वीज कमी झाली, पण दिवे आणि तास वाढले. एलईडीने बिलाचा एक आकडा कमी केला आहे. दुसरा आकडा, म्हणजे किती तास जळायचे, तो अजून आपल्या हातात आहे.

स्मार्ट यंत्रणा काम करते ती याच आकड्यावर. तिची कामे चार.

पहिले काम वेळेचे. दुकानाची पाटी किती वाजता लावायची, किती वाजता बंद करायची, हे घड्याळ सांभाळते. साधे टायमर एकच वेळ धरून बसतात. पण बुऱ्हाणपुरात उन्हाळ्यात सूर्य सातनंतर मावळतो आणि डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास. संध्याकाळी सहाला लावलेला टायमर जूनमध्ये तासभर वीज वाया घालवतो आणि डिसेंबरात पाटी उशिरा लावतो. म्हणून गावाचे अक्षांश-रेखांश घालून सूर्यास्ताची वेळ स्वतःच काढणारे टायमर मिळतात. जिथे फक्त पाटी आणि बाहेरचे दिवे आहेत, तिथे एवढे एक काम पुरते.

दुसरे काम हजेरीचे. छतावरचे डोळ्यासारखे छोटे उपकरण माणसाच्या अंगाच्या उष्णतेची हालचाल टिपते. माणूस आला की दिवा लागतो, गेला की ठरवलेल्या मिनिटांनी विझतो. गोदाम, पोटमाळा, संडास-बाथरूम, मीटिंगची खोली, ही त्याची हक्काची ठिकाणे. यातही एक सुधारित प्रकार आहे. दिवा लावायचा माणसाने हाताने, विझवायचा यंत्राने. मला हा प्रकार जास्त पटतो. अंधार वाटला तरच माणूस बटण दाबतो, पण विझवायला मात्र विसरतो. आपल्या स्वभावाला हे धरून आहे.

तिसरे काम बाहेरच्या उजेडाचे. खिडकीजवळ किंवा दर्शनी भागात बाहेरून पुरेसा प्रकाश येत असेल तर तिथले दिवे मंद होतात, ढग आले की वाढतात. चौथे काम मात्रेचे. नवा दिवा गरजेपेक्षा जास्त प्रखरच बसवलेला असतो, तो कायमचा सत्तर-ऐंशी टक्क्यांवर आणून ठेवायचा. डोळ्याला फरक जाणवत नाही, मीटरला जाणवतो.

याने किती वाचते? विक्रेते वाटेल ते आकडे सांगतात, म्हणून एक भरवशाचा आकडा देतो. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी व्यापारी इमारतींबद्दलचे अनेक अभ्यास एकत्र करून २०१२ मध्ये सरासरी मांडली. हजेरी ओळखणाऱ्या यंत्रणेने दिव्यांची वीज सुमारे २४ टक्के वाचते, बाहेरच्या उजेडावर चालणाऱ्या यंत्रणेने २८ टक्के, मात्रा ठरवून दिल्याने ३६ टक्के, आणि अनेक उपाय एकत्र केल्यास ३८ टक्के. शेवटच्या आकड्याकडे नीट पाहा. २४, २८ आणि ३६ यांची बेरीज ८८ होते, पण हाती लागतात ३८. एकदा विझलेला दिवा दुसऱ्यांदा विझवता येत नाही. तेव्हा कुणी “ऐंशी टक्के बचत” म्हणाला की त्याला चहा पाजावा आणि निरोप द्यावा.

आता आपल्या पेठेतल्या दुकानाचा हिशेब करू. समजा २० वॅटच्या २० ट्यूब आहेत आणि दुकान १२ तास चालते. दिवसाला ४.८ युनिट, महिन्याला १४४. यातल्या १० ट्यूब गोदाम आणि पोटमाळ्यावर आहेत आणि तिथे खरी वर्दळ दिवसाला जेमतेम दोन तास. त्या दहा तास विझल्या तर दिवसाला २ युनिट, महिन्याला ६० युनिट वाचतात. युनिटला १० रुपये धरले तर महिन्याला ६०० रुपये. हजेरीचे साधे उपकरण काही शेकड्यांत मिळते. दोन-तीन बसवली तरी काही महिन्यांत पैसे वसूल. दुकान एसीचे असेल तर आणखी थोडा लाभ, कारण दिव्याची वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते आणि ती बाहेर काढायला एसीला वीज लागते. एसीच्या भागात दिव्याची तीन युनिट वाचली की एसीचेही साधारण एक युनिट वाचते.

पण हाच हिशेब उलटाही होतो, आणि तो सांगितला नाही तर वाचकांची फसवणूक होईल. वायफायवर चालणारा बल्ब विझलेला असतानाही हुकमाची वाट पाहत जागा असतो आणि त्याला साधारण अर्धा वॅट लागतो. २४ तासांत १२ वॅट-तास. ९ वॅटचा तोच बल्ब दिवसाला दोन तास जळला तर खातो १८ वॅट-तास. म्हणजे वाट पाहण्याचाच खर्च जळण्याच्या दोन तृतीयांश! छोट्या टपरीला, एकट्या बल्बला, घरच्या देवघराला स्मार्ट यंत्रणा नको. तिथे हाताचे बटणच बरे. एका उपकरणावर आठ-दहा दिवे असतील आणि ते बरेच तास उगाच जळत असतील, तिथेच हा व्यवहार जमतो.

चुकीच्या जागी बसवलेले उपकरण तर शत्रूच होते. हिशेबनीस वहीवर मान घालून बसला आहे, शिंपी सुईत दोरा ओवतो आहे. दोघे हलत नाहीत. उपकरणाला वाटते खोली रिकामी, आणि दिवा विझतो. बिचारा हात हलवत बसतो. असे चारदा झाले की पाचव्यांदा तो त्या डोळ्यावर चिकटपट्टी लावतो, आणि मग दिवा चोवीस तास जळतो. चिकटपट्टी लावणाऱ्याला हसण्यात अर्थ नाही. चूक बसवणाऱ्याची असते. बैठ्या कामाच्या जागी अशी घाई करू नये, विझण्याचा अवधी पंधरा मिनिटांपर्यंत ठेवावा, आणि हाताचे एक बटण कायम राहू द्यावे.

आपल्या भागात याला आणखी एक अडचण येते, आणि ती विजेची नाही, मनाची आहे. मराठीत तिन्हीसांज, कन्नडमध्ये मुस्संजे. दोन्ही भाषांनी त्या वेळेला तीन सांजाच दिल्या आहेत. त्या वेळी घरात-दुकानात दिवा हवा, अंधारात लक्ष्मी पाऊल टाकत नाही, हा दोन्हीकडचा संस्कार. विझणे हा शब्दही आपण टाळतो. देवापुढचा दिवा आपण ‘शांत करतो’. फुटलेली बांगडी ‘वाढते’, नारळ ‘वाढवतात’. बुऱ्हाणपूरच्या हिंदीतही दुकान बंद करणे म्हणजे ‘दुकान बढ़ाना’ आणि दिवा मालवणे म्हणजे ‘दिया बढ़ाना’. अशा व्यापाऱ्याला आपण “दिवे विझवा, पैसे वाचवा” सांगायला गेलो तर तो कसा ऐकणार? त्याचे चुकत नाही. अंधारे दुकान म्हणजे बंद दुकान, हे गिऱ्हाइकालाही वाटते.

म्हणून विझवण्यापेक्षा मंद करण्याची भाषा बोलावी. दर्शनी दिवा राहू द्या, तिन्हीसांजेला तर खुशाल पूर्ण लावा. पण गोदामातल्या रिकाम्या कपाटांवर दहा ट्यूब जाळण्याने लक्ष्मी प्रसन्न होते असे आमच्या तरी ऐकिवात नाही.

यात एक गोष्ट मला बचतीपेक्षाही महत्त्वाची वाटते. दिवे कमी करण्याचा निर्णय मालक घेतो, पण अंधारात चालावे लागते दुसऱ्यालाच. रात्री नऊला साड्यांच्या घड्या घालून जिना उतरणारी विक्रेती, पहाटे चारला वॉर्डातून कपडे घेऊन निघालेली आया, शटर पडल्यावर फरशी पुसणारी मावशी, पार्किंगमधला वॉचमन. माणूस दारात आल्यावर दिवा लागणार म्हणजे आधी त्याने अंधारात पाऊल टाकायचे. जिना, बोळ, पार्किंग, स्वच्छतागृहाची वाट या जागी दिवा पूर्ण विझता कामा नये. कुणी नसताना तो वीस-तीस टक्क्यांवर राहावा आणि चाहूल लागताच वाढावा. त्यासाठी वीज लागते ती अगदी किरकोळ. तेवढ्यासाठी कुणाला पायरी चुकू देणे किंवा कुणा मुलीला भीती वाटू देणे याला बचत म्हणत नाहीत. दिव्यांच्या जागा ठरवताना या मंडळींना आधी विचारावे. कुठला कोपरा अंधारा राहतो हे मालकापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असते.

दुसरी गोष्ट हजेरीची. मोठ्या कार्यालयांत ही उपकरणे एका जाळ्यात जोडलेली असतात आणि कोणती खोली किती वेळ भरलेली होती याची नोंद ठेवतात. दिवा मालवायला ती नोंद कामाची. पण कोण किती वेळ जागेवर नव्हते हे मोजायला ती वापरली गेली, तर नोकरमाणसाचा त्या डोळ्यावरचा विश्वास उडेल आणि पुन्हा चिकटपट्टी येईल. दिव्यासाठी बसवलेला डोळा दिव्यापुरताच ठेवावा.

कायदा काय म्हणतो? मोठ्या व्यापारी इमारतींसाठी केंद्राची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ मध्ये आली आणि २०१७ मध्ये सुधारली. १०० किलोवॅट किंवा त्याहून अधिक जोडभार असलेल्या इमारतींसाठी ती आहे आणि तीत दिवे आपोआप बंद होण्याच्या सोयीचा समावेश आहे. राज्ये ती आपापल्या परीने लागू करतात. इतवाऱ्यातल्या किंवा आपल्या पेठेतल्या दुकानाला ती लागत नाही. पण दुसरा एक नियम लागू होऊ शकतो. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी १० किलोवॅटहून अधिक मागणी असलेल्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२४ पासून वेळेनुसार दर ठरवायला सांगितले. सूर्य असताना वीज किमान २० टक्के स्वस्त, गर्दीच्या वेळी नेहमीच्या निदान १.२ पट महाग. इतवाऱ्याचे बिल इंदूरच्या पश्चिम क्षेत्र कंपनीचे, बेळगाव-निपाणीचे हेस्कॉमचे, कोल्हापूर-इचलकरंजीचे महावितरणचे. वेळापत्रके वेगळी, पण गर्दीची वेळ बहुधा संध्याकाळ धरूनच असते, म्हणजे नेमकी दुकानदारीची वेळ. तेव्हा जळणारा फालतू दिवा दुपारच्या दिव्यापेक्षा महाग पडतो.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे गाळ्यांचे कॉम्प्लेक्स. जिन्याचे आणि बोळाचे बिल मेंटेनन्समध्ये मिसळते आणि चौरस फुटावर वाटले जाते. तीस गाळेधारकांत ६०० रुपये वाचले तर प्रत्येकाच्या वाट्याला वीस रुपये. वीस रुपयांसाठी कोण धडपडेल? इथे उपकरणाआधी ठराव हवा. सामाईक दिव्यांना वेगळा मीटर असावा, त्याचे बिल दर महिन्याला जिन्याजवळच्या फळ्यावर लिहावे आणि एकाला ते काम नावानिशी नेमून द्यावे. आकडा रोज नजरेसमोर आला की बोलणे सुरू होते.

आणि हे सारे महाग वाटत असेल तर उपकरण न घेताही सुरुवात करता येते. येत्या सुट्टीच्या दिवशी वहीपेन घेऊन आपल्या दुकानातून, दवाखान्यातून किंवा कार्यालयातून एक फेरी मारा. प्रत्येक बटणासमोर लिहा, यावर किती दिवे आहेत, आणि ते जळतात तेव्हा तिथे खरोखर कुणी असते का. मग वायरमनला बोलावून दोनच कामे सांगा. दर्शनी, मधल्या आणि मागच्या दिव्यांची बटणे वेगळी कर, आणि जिन्याचा दिवा एकट्या बटणावर घे. हजेरीचे डोळे, टायमर, मोबाईल, हे सगळे त्यानंतरचे. ज्या दुकानात पुढच्या-मागच्या दिव्यांना एकच बटण आहे, तिथे कितीही हुशार यंत्र आणले तरी ते एक तर सगळे लावील किंवा सगळे विझवील.